ताईला दाखवलेली मालिका

ताईच्या छातीत गाठ आहे हे मला दिवाळीत कळलं, तेही तिने सांगितलं म्हणून नव्हे. फळीवरचा डबा काढताना तिचा डावा हात अर्ध्यातच खाली आला. मी विचारलं, बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी तिला महाडला डॉक्टरकडे आणलं. डॉक्टर म्हणाले, मुंबईला जाऊन सुई घालून तपासून घ्या, उशीर करू नका.

ताई "बरं" म्हणाली आणि आंबेनळीच्या वाटेवरच्या तिच्या वाडीत परत गेली. मुंबईला काही गेली नाही.

कारण टीव्हीवरचे महाराज. रोज सकाळी त्यांचं प्रवचन असतं. गाठीला सुई लागली की ती अंगभर पसरते, असं त्यांनी एकदा सांगितलं होतं. त्यापेक्षा प्रवचन चालू असताना टीव्हीपुढे पाण्याचा तांब्या ठेवायचा आणि ते पाणी नंतर प्यायचं. वाडीतली पोरं मुंबईला कामाला, घरात बायका आणि टीव्ही. बहुतेक घरांत तांब्या ठेवला जातो.

ताईच्या मुलाचा फोन आला. "मावशी, तूच सांग तिला. मी जास्त फोर्स केला की फोन कट करते."

मी सांगून काय होणार होतं? महाडला माझी पिठाची गिरणी आहे, टीव्हीवर मी कधी दिसलेली नाही. मग माझ्या मुलीने मोबाइलवर एक मालिका दाखवली. परदेशातली, पण हिंदीत बोलणारी. तिच्यात एक नावाजलेला ख्रिस्ती धर्मोपदेशक आहे. पांढरा सूट, भरलेलं मैदान, स्वतःचं चॅनल. डोक्यावर हात ठेवून आजार बरे करतो. त्याच्या नादाने एक मुलगी औषध सोडते आणि मरते. तो ते दाबून टाकतो, पण पुढे सगळं बाहेर येतं आणि पोलीस दारात उभे राहतात. मला वाटलं, हेच पाहिजे. टीव्हीने डोक्यात घातलेलं टीव्हीनेच काढावं.

वाडीत फोन लागतो पण नेट चालत नाही, म्हणून सगळे भाग महाडलाच डाउनलोड करून घेतले. दुपारची जेवणं झाल्यावर ताईच्या पडवीत मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला. शेजारची काकीही आली.

"काय गो, पिच्चर हाय काय?"

"बसा काकी. तुम्हीपण बघा."

पहिल्याच भागात तो पांढऱ्या सुटातला माणूस डोळे मिटतो, हात वर करतो आणि मैदान गप्प होतं. ताई उठली. मला वाटलं, चुलीवर काही राहिलं असेल. ती भरलेला तांब्या घेऊन आली आणि मोबाइलपुढे ठेवला. काकीने डोक्यावरून पदर घेतला.

"ताई, हा नट आहे. आणि गोष्टीतसुद्धा हा लबाड माणूस आहे."

"असू दे गो. नाव तर देवाचंच घेतोय ना?"

काकी म्हणाली, "तुझ्या गिरणीत गहू चोराचा असला तर पीठ पडत नाय काय?"

दोघी हसल्या. मी मालिका पुढे चालू ठेवली. ती मुलगी मेली तेव्हा दोघींनी डोळे पुसले, आणि मला वाटलं, लागलं. पण शेवटच्या भागात तो माणूस हजारो लोकांसमोर गुडघ्यांवर बसून रडतो, मी पापी आहे म्हणतो. तेव्हा दोघी मुलीसाठी रडल्या होत्या त्याच्या दुप्पट रडल्या.

"एवढा मोठा माणूस," ताई म्हणाली, "पण चारचौघांत चुकलो म्हणाला."

"पोरगी मेली, ताई."

"मेली गो. पण त्याला किती लागलंय बघ. तुझ्या डॉक्टरनं तर मान वर करून माझ्याकडं बघितलं पण नाय."

हे खरं होतं. डॉक्टर सगळा वेळ माझ्याशीच बोलत होते.

"म्हणजे मुंबईला जायचं नाही?"

"जाऊ ना. शिमग्याला पालखी घरी येऊन जाऊ दे. देवीची ओटी कोण भरणार?"

मग तिने तांब्यातलं पाणी आधी काकीला दिलं, स्वतः घेतलं आणि मला म्हणाली, "हात पुढं कर. तुझे गुडघे दुखतात ना?" मी हात पुढे केला आणि प्यायले.

त्यानंतर एकदा मी जीप थेट दारात नेली. ताई लाकडांना म्हणून माळावर गेली आणि जीप परत फिरेपर्यंत आली नाही. मुलगा सुट्टी काढून आला, भांडला, जेवला नाही, निघून गेला. धडधाकट बाईला बांधून कसं न्यायचं, हे मला कोणी सांगावं.

शिमग्याला मी आदल्या दिवशीच वाडीत पोचले आणि तिची पिशवी भरली. पालखी अंगणात आली. तिने उजव्या हाताने ओटी भरली, डावा हात पदराखालीच होता. पालखी शेजारी गेल्यावर मी पिशवी तिच्यासमोर ठेवली.

"चल आता."

"उगाच घाबरतेस," ती म्हणाली आणि मला माजघरात घेऊन गेली. दार लोटलं, पोलक्याची वरची दोन बटणं काढली आणि माझा हात धरून आत ठेवला. "बघ. कमी झाली की नाय?"

दिवाळीत ती गाठ सुपारीएवढी होती, बोटाखाली सरकत होती. आता लिंबापेक्षा मोठी होती, जागची हलत नव्हती, आणि वरची कातडी आत ओढल्यासारखी लागत होती.

"ताई, मोठी झालीय."

तिने माझा हात बाहेर काढला आणि बटणं लावली.

"तुझा हात गार हाय," ती म्हणाली. "म्हणून तुला तसं वाटतं."