पंपाचा लाल दिवा आणि वीतभर सुतळी

साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसातली बावीस वर्षांची खुर्ची सोडून मी काचा धुवायला निघालो, तेव्हा घरात दोन पक्ष पडले. एकात मी होतो, दुसऱ्यात बाकीचं गाव. साहेब म्हणाले होते, "महिनाभर जागा भरत नाही. सुचलं तर परत या." बायकोने सरळ बजावलं होतं, "पहिलं काम फसनं तर सोमवारपाईन कारखानानाच डबा भरसू."

पहिलं काम शहाद्यातलं. ट्रॅक्टरचं नवं शोरूम, तीन मजले नुसती काच. अकराला उद्घाटन. काचा चमकल्या तर वर्षभराचं काम माझं, असा मालकाचा शब्द.

मुळात मी नाटकी माणूस. नऊला टेम्पो थाटात उभा केला. टाकी, पंप, लांबलचक नळी मांडली. टोकाला ब्रश असलेला तीस फुटी दांडा सर्रकन वर चढवला आणि जमलेल्या मंडळींना वाकून नमस्कार करून बटण दाबलं. पंप घुरघुरला आणि गप्प झाला. त्याच्या कंट्रोलरवर लाल दिवा लागला.

कंट्रोलर म्हणजे पंपावर नजर ठेवणारा छोटा डबा. हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक. पिवळा म्हणजे बॅटरी उतरली. लाल म्हणजे पाण्याला पुढे वाट नाही. हे मला तोंडपाठ होतं. पण विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरवर हात बसलेला माणूस दिवा वाचत नाही, डब्याला थापड मारतो. मी दोन मारल्या.

तेवढ्यात शोरूमचा वायरमन आला. "एक फेज गया व्हई, भाऊ."

"अहो, हे बॅटरीवर चालतं."

"मंग बॅटरीना फेज गया व्हई!"

मालकाचे काका प्रकाशा गावाहून खास उद्घाटनाला आले होते. त्यांनी टाकीत डोकावून पाणी चाखलं आणि जड असल्याचा निकाल दिला. पूजेच्या भटजींनी मशीनला नारळ फोडला नव्हता हे हेरलं. मीही हट्टाला पेटलो नव्हतो, नारळ फोडला. दिवा लालच. मग टाकीपासून दांड्यापर्यंतची नळी मी गुडघ्यांवर रांगत दोनदा तपासली. कुठे पीळ नाही, कुणाचा पाय नाही. मालक घड्याळ बघत म्हणाला, "दहा वाजनात. शोरूमना पोऱ्यासले फडकं लिसन शिडीवर चढाडू का?"

टाइम ऑफिसचा पंखा मला डोळ्यांसमोर फिरताना दिसू लागला.

तेव्हाच बायको डबा घेऊन आली. समोरच्या रसवंतीपाशी थांबून तिने वर पाहिलं. इतका वेळ आम्ही सगळे त्या दिव्यावर वाकलो होतो. वर कुणीच पाहिलं नव्हतं.

"आहो, ब्रशपाशी ती नळी मुडपीसन सुतळी कोनी बांधी? केळीमा बांधतस तशी!"

दांडा खाली घेतला. खरंच, ब्रशला लागूनच नळी दुमडलेली आणि वर सुतळीच्या दोन फेऱ्या. पहाटे अंगणात मशीन चालवून पाहिलं, तेव्हा ते बंद केल्यावरही ब्रशमधून पाणी ठिबकत होतं. केळीच्या बागेत ठिबकची नळी बंद करायला आपण टोक दुमडून बांधतो. तसंच हातांनी आपोआप केलं असावं. ते हात माझेच होते.

गाठ सोडली. पाण्याची धार थेट भटजींच्या सोवळ्यावर. दिवा हिरवा!

"फेज उना," वायरमन म्हणाला. काकांना जड पाणी निघून गेल्याचं कळलं. भटजी ओल्या सोवळ्यातून नारळाचं श्रेय घेत होते. मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "नळीत हवा अडकली होती." अकराला पाच मिनिटं होती तेव्हा शेवटची काच धुऊन झाली. मालक खूश झाला. काम मिळालं.

बायकोने खाली पडलेली सुतळी तेवढी उचलून पिशवीत टाकली. सोमवारी सकाळी तिने मला जेवणाचा डबा दिला. त्याची कडी त्याच सुतळीने बांधली होती.