ड्रॅगनच्या खोक्यातलं कार्ड

नवं शतक नुकतंच लागलं होतं. केजमध्ये माझ्या बायकोचं लग्नपत्रिका आणि फोटोचे अल्बम जुळवून देण्याचं दुकान होतं. मी नोकरी सांभाळून हिशेब बघायचो, बाकी सगळं तीच करायची. ऐन लग्नसराईच्या तोंडावर तिच्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड जळालं आणि पडदा काळा झाला. त्यातच चौकात नवं दुकान निघालेलं. तिथं गिऱ्हाइकाला पत्रिकेचा रंगीत नमुना लगेच हातात मिळे, म्हणून आमची माणसं तिकडं वळू लागली होती. आम्हाला कार्डही हवं होतं आणि रंगीत प्रिंटरही. जवळ होते सात हजार.

कॉम्प्युटरचा डबा गोधडीत गुंडाळून आम्ही जीपनं बीडला गेलो. दुकानदारानं दोन कार्डं पुढं ठेवली. एक बत्तीस एमबीचं, साध्या पिशवीतलं, बावीसशेला. दुसरं चौसष्ट एमबीचं, अडतीसशेला. त्याच्या सोनेरी खोक्यावर आग ओकणारा ड्रॅगन होता आणि खाली लिहिलं होतं, 'खास व्यावसायिकांसाठी'.

मी मनातल्या मनात भागाकार केला. एका एमबीमागं महागडं कार्ड नऊ रुपयांनी स्वस्त पडत होतं. तसं मी बायकोला सांगितलं.

"आन् प्रिंटर?" तिनं विचारलं.

प्रिंटर सेहेचाळीसशेचा. ड्रॅगन घेतला तर तो राहणार होता.

माझे सासरे जनावरं राखणारे. बैल घ्यायचा झाला की बाजारात ते त्याला चाकं दोरानं जखडलेली गाडी ओढायला लावत, पैशाचं बोलणं त्यानंतर. ही ते बघतच मोठी झालेली. तिनं पिशवीतून आपल्या कामाची सीडी काढली.

"भाऊ, दोन्ही कार्डं एकामागं एक आमच्या डब्यात बसवा. माझंच काम करून बघते."

"वैनी, कार्ड हाय ते. बैल न्हाई," दुकानदार हसला.

"बैल परवडला की. शिंगं रंगवली म्हणून कुणी दीडपट मागत न्हाई."

दुकानदारानं डब्याचे स्क्रू काढले. हिनं वऱ्हाडाचा मोठा फोटो उघडला, फिरवला, वाढवला, त्यावर अक्षरं बसवली. मग कार्ड बदलून तेच सगळं पुन्हा. मी घड्याळ धरून बसलो होतो. फरक शून्य.

"असं कसं वो?" मी विचारलं.

"जास्तीची मेमरी गेमला लागती, साहेब. पत्रिकेला न्हाई."

"मग खोक्यावर तसं लिवायचं की," बायको म्हणाली.

"कंपनी लिवती, वैनी. आमी इकतो."

पण एवढं खरं, विचारल्यावर तो खोटं बोलला नाही, आणि प्रिंटर त्यानं स्वतः बांधून दिला. परतीच्या जीपमध्ये प्रिंटर तिच्या मांडीवर होता आणि बावीसशेचं कार्ड बसवलेला डबा माझ्या. मी किमतीला भागत बसलो होतो. काम कशानं होतं हे तिनं पाहिलं. त्या दिवशी मला तिचा फार अभिमान वाटला.

त्याच आठवड्यात एका मुलीचे वडील पत्रिका ठरवायला आले. चौकातलं दुकान बघून आले होते. हिनं रंगीत नमुना काढून हातात दिला. त्यांनी बोट ओलं करून गणपतीवरून फिरवलं. शाई फिसकटली.

"रंग जातो की बाई!"

"मामा, हा निस्ता नमुना हाय. खरी पत्रिका प्रेसात छापायची, ती धुऊन वाळत घाला."

मामा मोठ्यानं हसले आणि चारशे पत्रिका सांगून गेले.