शेवाळाची जाळी

बाबा मंगळवारी शाळेत फळ्यासमोर पडले आणि गेले. बुधवारी त्यांना दफन केलं.

आमच्या गावात, उमेळ्यात, माणूस गेलेल्या घराला कामाला हात लावू देत नाहीत. रांधणं, झाडणं, भांडी, सगळं नात्यातल्या बायका आणि शेजारणी ताब्यात घेतात. आमचंही घर त्यांनी लखलखीत केलं. आत्याने तर माशांच्या टाकीवरची जाळी काढून विहिरीवर नेली आणि काथ्याने घासून पांढरी करून आणली.

ती जाळी म्हणजे बाबांची गाळणी होती. मासेमारीच्या जाळ्याचा तुकडा ट्यूबलाइटखाली तिरका ताणलेला. छोटा पंप टाकीतलं पाणी वर चढवी, ते जाळीवरून ओघळत परत टाकीत पडे. जाळीवरचं शेवाळ माशांच्या घाणीवर पोसलं जाई आणि पाणी शुद्ध राही. रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर बाबा जाळीची एकच बाजू खरवडत, दुसरी हिरवी ठेवत.

दोन दिवसांत पाणी गढूळलं. गप्पी मासे वर येऊन तोंडं उघडमीट करू लागले. बाबांच्या हातचं घरात जिवंत असं तेवढंच उरलं होतं.

संध्याकाळी प्रार्थनेला घर भरलेलं. माझ्या हातात रोझरीचे मणी, कान पंपाकडे. मी पुन्हा पुन्हा उठत होते.

"बस गो जरा," आत्या कुजबुजली. "मासे काय पळून जातात?"

"मरतात, आत्या. जाळीवरचं शेवाळ लागतं त्यांना."

"अगं बाई! मला वाटलं, भावाला साफसफाईचा कंटाळा."

मला हसू आलं आणि लगेच रडू. प्रार्थना संपताच आत्या कंदील घेऊन माझ्याबरोबर विहिरीवर आली. काठच्या दगडांवरचं शेवाळ खरवडून आम्ही ते जाळीत चोळलं. मग मी रोज थोडं पाणी काढून विहिरीचं ताजं घालत राहिले, माशांचं खाणं जवळजवळ बंद केलं. पुस्तक उघडलं तरी ओळ पुढे सरकेना. रोज सकाळी मेलेले मासे काढायचे आणि जाळीवर बोट फिरवून पाहायचं. ती बरेच दिवस कोरडीच वाटायची, पाणी वाहत असूनही. मग एकदा बोटाला बुळबुळीत लागलं.

त्यानंतर मासे मरायचे थांबले.

बाबांनी आणलेल्यांपैकी आता एकही मासा नाही. आहेत ते तेव्हा वाचलेल्यांच्या पिल्लांची पिल्लं.