पित्तराची खीर

छत्तीसगढ वेगळं होऊन राजधानी झाली तेव्हा रायपुरात दोन गोष्टींना एकदम भाव आला. एक तेलीबांध्याकडच्या जमिनींना, आणि दुसरा माझ्या सासऱ्यांना.

जमिनींचं कुणालाही कळेल. सासऱ्यांचं सांगते. आमच्या विदर्भात पितृपक्षात घरच्या गेलेल्या माणसाच्या नावानं एखाद्या वडीलधाऱ्याला जेवायला बसवतात. त्यालाच पित्तर म्हणायचं. तो पोटभर जेवला की वरचे जेवले. पुरानी बस्तीजवळच्या आमच्या कॉलनीत बरीच घरं नागपूर-अमरावतीकडची. नवं राज्य, नवी कार्यालयं, त्यामुळे पुरुष सकाळी जात ते दिवे लागल्यावरच दिसत. भर दुपारी पाटावर बसायला रिकामा, म्हातारा आणि आपल्यातला असा माणूस एकच उरला होता. रेल्वेतून निवृत्त झालेले माझे सासरे. त्या पंधरवड्यात त्यांना रोज कुठून ना कुठून बोलावणं होतं.

त्यांना साखरेचा आजार होता आणि पथ्य माझ्याकडे होतं. सकाळी कारल्याचा रस, वेळेवर गोळ्या, गोड बंद. मी प्रत्येक घरी आधीच सांगून ठेवलं, बाबांना खीर वाढू नका. सगळ्या "हव, हव" म्हणाल्या. इथे राहून आम्ही होकार छत्तीसगढीत द्यायला शिकलो होतो, पाळायला मात्र कुठल्याच भाषेत शिकलो नव्हतो. सासरे रस पिताना तोंड वाकडं करत आणि अंगणात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "सून जीव घेऊन राहिली माझा." लोक हसत. मीही हसे.

पंधरवडा निम्मा सरला आणि ते तांबेच्या तांबे पाणी प्यायला लागले. दुपारभर झोपून राहत. न्हाणीघरात मुंग्यांची रांग लागली. मी ह्यांना म्हणाले, बाबांना डॉक्टरकडे नेऊन आणा. "कुवार महिन्याचं ऊन आहे," हे म्हणाले, "होते असं." सर्वपित्रीला सासरे दोन घरचं जेवून आले, दिवाणावर आडवे झाले आणि हाक मारली तरी ओ देईनात. दवाखान्यात नेलं, तिथे दुसऱ्या दिवशी ते गेले.

"शुगर इतना कैसे बढ़ गया?" डॉक्टरनं विचारलं. "घर में परहेज कौन देखता है?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ह्यांनीही पाहिलं.

नागपूरहून माझी नणंद आली. ती वडिलांसाठी पोटातून रडली, हे मी नाकारत नाही. पण डोळे पुसले आणि ती तपासाला लागली. डबे उघडून हुंगले. गोळ्यांची पाकिटं उजेडात धरून पाहिली. फ्रिजमधली कारल्याच्या रसाची बाटली उघडली, थेंबभर जिभेवर घेतला आणि ती बाटली प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून स्वतःच्या बॅगेत ठेवली. मग माझ्या मुलीला मांडीवर घेतलं. मुलगी तेव्हा पहिलीत होती. तिला मराठी कळे, पण ती बोले हिंदीतच.

"आजोबाले आई काय पाजत होती व?" नणंदेनं विचारलं.

"कड़वा वाला जूस," मुलगी म्हणाली. "दादू रोज बोलते थे, मर जाऊँगा." उत्तर बरोबर आलं म्हणून तिनं खुशीनं माझ्याकडे पाहिलं.

खुनाला कारणही सापडलं. तेलीबांध्याकडे सासऱ्यांचा जुना प्लॉट होता, तो ते विकत नव्हते, आणि विकून टाकावा असं मी एकदा हळदीकुंकवात बोलले होते. झालं. बाहेर गल्लीच्या तोंडाशी देवीचा मंडप, दिवसभर तिची जसगीतं, कोऱ्या साड्या, आणि आत सुतकाच्या घरात माझ्यावर खटला. देवीला जाणाऱ्या बाया वाटेत आमच्याकडे डोकावून जात. एका फेरीत दोन दर्शनं.

चौथ्या-पाचव्या दिवशी नणंदेनं ह्यांना निकाल सांगितला, तोही माझ्यासमोर. "तेरवी झाली का इले अमरावतीले पाठव, माहेरी. पोट्टी इथंच राहीन. कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच."

हे जमिनीकडे बघत म्हणाले, "पाहू."

मला पोलिसांची भीती नव्हती. मला मुलीची भीती होती. ती माझ्याशिवाय झोपत नसे आणि हा माणूस "पाहू" म्हणत होता. त्या एका शब्दाचा राग माझ्या अंगातून अजून गेलेला नाही.

रडून काही होणार नव्हतं. मी विचार केला, न्हाणीतल्या मुंग्या काही कारल्याला आल्या नव्हत्या. साखर कुठून तरी पोटात गेली होती आणि माझ्या घरून गेली नव्हती. मग भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला मी नणंदेशेजारी बसवायची आणि डोळ्यांना पदर लावून एवढंच विचारायची, "तुमच्याकडचं काय आवडलं हो त्यांना?"

मेलेल्या माणसाच्या शेवटच्या घासात आपला हात असावा असं प्रत्येकीला वाटतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "खीर व! दोनदा मांगून घेतली. मी तं म्हणलं, बाबाजी, एका वाटीनं काय होते?" समोरची म्हणाली, "आमच्याकडे पुरणपोळीबी खाल्ली. आत्मा तृप्त झाला त्याइचा." तिसरी माझ्याकडे तिरकं पाहत म्हणाली, "घरी कारलंच भेटते म्हणत, म्हणून मी तं डब्बाबी देल्ला संग." बोलताना प्रत्येकीचं तोंड कसं उजळलेलं. बाटली ठेवलेल्या बॅगेवर धरलेला नणंदेचा हात आता निघाला होता.

शेवटी कोपऱ्यावरच्या घरातली आली. ती वयानं लहान, भित्री. "मी तं वाढतच नव्हती, वहिनी," ती म्हणाली. "पण भैयाच म्हणे, वाढा, बाबाचा जीव असते खिरीत. फक्त घरी सांगू नका."

भैया म्हणजे हे. रोज सकाळी कार्यालयात जाताना स्कूटर थांबवून त्या त्या घरी बाबा जेवायला येतात म्हणून सांगणारे हेच.

"हव, आमच्याकडेबी तसंच म्हणे," काकू म्हणाल्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी आत गेले. हे दाराआडच उभे होते, सगळं ऐकलेलं होतं.

"बाबाची इच्छा होती," हे म्हणाले. "किती दिवस उरले होते त्याइचे?"

"आणि माझ्यावर आलं तेव्हा तोंड काहून शिवलं होतं?"

"तुले होते ना सहन," हे म्हणाले.

वडिलांवर एवढं प्रेम होतं आणि माझ्यासाठी एक वाक्य नव्हतं. मी भांडले नाही. भांडण उरकून टाकायची मला घाई नव्हती.

तेरवीला अंगणात पंगत बसली. एका रांगेत त्या सगळ्या शेजारणी, दुसऱ्या रांगेत हे आणि त्यांच्या शेजारी नणंद. आचाऱ्याच्या हातातलं खिरीचं पातेलं मी घेतलं. तेरवीच्या पानावरच्याला कुणी नाही म्हणत नाही, ते टाकतही नाही. काकूंची वाटी मी काठोकाठ भरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "एका वाटीनं काय होते?" पुढचीला तेच. तिच्या पुढचीला तेच. रांगेच्या टोकाला पोचेपर्यंत पंगतीत भुरका मारल्याचा आवाज राहिला नव्हता. कोपऱ्यावरची रडत रडत खात होती. मला तिची दया आली नाही.

ह्यांच्या पानाशी आले. वाटी भरली, सांडेपर्यंत भरली.

"खा," मी म्हणाले. "घरी कोणाले सांगत नाही मी."

ह्यांनी मान वर केली नाही. खाल्ली. नणंद अर्ध्या पानावरून उठली.

नागपूरला जाण्याआधी तिनं रसाची बाटली गुपचूप फ्रिजमध्ये ठेवून दिली. रस नासला होता. माफी कुणी मागितली नाही, मला माहेरी पाठवायचं नावही पुन्हा कुणी काढलं नाही. मुलगी माझ्याजवळ राहिली. मी ह्यांच्याजवळ राहिले, त्याला इलाज नव्हता.

आता हे निवृत्त झालेत आणि ह्यांनाही साखर निघाली आहे, वडिलांसारखीच. रोज सकाळी मी कारल्याचा रस देते. हे तोंड वाकडं न करता पितात, कुणाला काही सांगत नाहीत.

मागच्या पितृपक्षात ती कोपऱ्यावरची दारात आली. तिचा नवरा गेला त्याला वर्ष होऊन गेलं होतं. म्हणाली, "वहिनी, भैयाले पित्तर म्हणून पाठवता का? गोड नाही वाढत मी, हव?"

लहान पोर खेळायला जाऊ का म्हणून आईकडे पाहतं तसं ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आतून ह्यांच्या चपला आणल्या आणि पायांसमोर ठेवल्या.