झुलत्या पुलावरचा निरोप

लहानपणी वैशाखरे गावाजवळच्या आमच्या ओढ्यावर पूल नव्हता. मजुरीला जाताना आई मला खांद्यावर घेऊन पाण्यातून पलीकडच्या शाळेत सोडायची. "खाली बघू नको गो," म्हणायची. एकदा तिचा पाय सरकला. दोघी वाचलो, पण पाण्याची भीती माझ्या अंगातच राहिली.

यंदा तिथं पूल झाला. आज त्याच्या ओल्या कठड्याला हात लागला आणि लोखंडाच्या त्या वासानं मला नेपाळात नेलं. बी.ए. झाल्यावर तिथल्या एका शाळेत मी काही महिने स्वयंसेवक म्हणून शिकवलं. शाळेची मुलं रोज हात धरून मला झुलत्या पुलावरून न्यायची. निघायच्या दिवशी नदी फुगली होती, म्हणून मुलांना काठावरच थांबवलं. गळ्यात झेंडूची माळ, मुठीत गार तार, खाली गढूळ पाणी. मध्यावर पाय उचलेनात.

मागून छोटी मनमाया माझ्यासाठी शिकलेल्या हिंदीत ओरडली, "मिस, पुल नहीं गिरेगा, आप ही गिरोगी. नीचे मत देखो."

मुलं हसली. खाली न बघता मी पलीकडे पोचले, पण भीतीनं मला वळून हातसुद्धा करता आला नाही. तेव्हा वाटलं, निरोप राहूनच गेला. आता वाटतं, आईचंच सांगणं त्या पोरीनं माझ्या सोबतीला दिलं होतं.

आता हा पूल ओलांडून मी आमच्याच शाळेत शिकवायला जाते. आमच्या घरातली पहिली पदवीधर मीच, पहिली मास्तरीणही मीच.