लाईन गेल्यावरचे मडावी सर

आदरणीय रामाजी मडावी सर आमच्या शाळेत रुजू झाले तो दिवस मला पक्का आठवतो, कारण त्याच दिवसापासून मला त्यांचा हेवा वाटू लागला. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. सिरोंच्याहून बदली होऊन ते मुलचेरा तालुक्यातल्या आमच्या गावी आले, सायकल माझ्या दारात लावली आणि पाणी मागितलं. पाणी घेऊन आई बाहेर आली. तिच्या दोन शब्दांवरून सरांनी तिचं माहेर ओळखलं आणि ते थेट तेलुगूत बोलू लागले. आई सिरोंच्याकडची. लग्न होऊन इकडे आल्यावर तिच्या भाषेत बोलायला घरात कुणी उरलं नव्हतं. लहानपणी मी थोडं बोलायचो, पण शाळेत मुलं हसतात म्हणून सोडून दिलं. त्या दिवशी आई अर्धा तास दारात उभी राहून बोलत होती, हसत होती. माझ्याशी ती एवढं महिनाभरातही बोलत नसे.

सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात इतर मंडळी त्यांचे गुण सांगतीलच. मी त्या गुणांनी होरपळलेला माणूस आहे.

शाळेतलंच पाहा. मोहफुलांच्या दिवसांत जंगलाकडच्या टोल्या-वस्त्यांवरची मुलं वर्गातून गायब व्हायची. आम्ही बाकीचे शिक्षक त्यांच्या नावापुढे गैरहजेरी मांडून मोकळे व्हायचो. सर भल्या सकाळी टोपली घेऊन स्वतः मोहाखाली जायचे आणि फुलं वेचता वेचता मुलांकडून गोंडीतून पाढे म्हणवून घ्यायचे. तपासणीला आलेले साहेब त्यांच्या वर्गात तासभर रमले. माझा वर्ग शेजारीच होता. तिथे साहेबांनी दारातूनच मान हलवली.

पण माझं खरं दुखणं रविवारचं. गावात टीव्ही पहिल्यांदा मी आणला, चौदा इंची, काळा-पांढरा. दुपारी चारच्या सिनेमाला अंगण गच्च भरायचं. चित्राला मुंग्या आल्या की अँटेना फिरवायला मी कौलांवर चढायचो आणि "आलं का?" म्हणून विचारत राहायचो. टीव्हीचा मालक असून एकही सिनेमा मी सलग पाहिला नाही. खाली चौकटीला टेकून मडावी सर हिंदी संवाद कुणाला झाडीबोलीत, कुणाला गोंडीत आणि माझ्या आईला तेलुगूत समजावत असायचे.

"मास्तर, थो काऊन रडून राह्यला?" शेजारच्या सखूबाई विचारायच्या.

"त्याच्या भावानं त्याले वळखलं नाई, बाई," सर सांगायचे, आणि सखूबाई पदर डोळ्यांना लावायच्या.

लाईन, म्हणजे वीज, ऐन रंगात जायची. मग सिनेमाचा उरलेला भाग सर मनानं रचून सांगायचे. त्यातली नदी प्राणहिता असायची आणि खलनायक तेंदूपत्त्याचा ठेकेदार. ते श्वास घ्यायला थांबले की आई विचारायची, "तरवात?" म्हणजे, मग पुढं? तेवढा एकच तेलुगू शब्द माझ्या कानात शिल्लक राहिला. हळूहळू लोक लाईन जाण्याचीच वाट पाहू लागले. टीव्ही माझा, चहा माझ्या बायकोचा, रविवार मात्र सरांचा. आई तर ते येईपर्यंत टीव्ही लावू द्यायची नाही.

मला राहवेना. मी बॅटरी घेतली, आणि ती मुलचेऱ्याहून चार्ज करून आणायला सरांनाच सांगितलं. ते जड धूड त्यांनी सायकलच्या कॅरिअरला बांधून आणलं. मला जराही लाज वाटली नाही. रविवारी लाईन गेली, मी बॅटरीचे चिमटे लावले, चित्र परत आलं. "आता कोणी मधात बोलू नका," मी सगळ्यांदेखत बजावलं. आईनं दोनदा सरांकडे पाहून "तरवात?" विचारलं. त्यांनी नुसतं पडद्याकडे बोट दाखवलं. सिनेमा संपला, लोक कपडे झटकून निघून गेले. आई आत येऊन म्हणाली, "मले काईच समजलं नाई रे."

ते मला फार लागलं. पुढच्या रविवारी लाईन गेली तेव्हा मी लोकांकडे पाठ केली, एक चिमटा मुद्दाम सैल ठेवला आणि म्हणालो, "चालत नाई आज." बॅटरी सरांनी आदल्याच दिवशी भरून आणलेली. ते उठून पाहायला आले. सैल चिमटा त्यांना दिसलाच. म्हणाले, "माह्यीच चूक हाय. घाईत पुरी भरली नसंल." आणि सांगायला बसले. आई पुढे सरकली. त्या दिवशी मीही पहिल्यांदा खाली बसून गोष्ट ऐकली. ती फार चांगली होती, त्यामुळे जळफळाट आणखीच वाढला.

पुढे घरोघरी टीव्ही आले, अंगण ओस पडलं, सरांची बदली झाली. आई अंथरुणाला खिळली. दर रविवारी चार वाजता सर तीन कोस सायकल हाणत यायचे आणि तिला तेलुगूत गोष्ट सांगायचे. मी दाराशी बसून ऐकायचो. "तरवात?"खेरीज मला काही कळायचं नाही. माझ्याच घरात, माझ्याच आईजवळ, मी परका. एका रविवारी ती दमली म्हणून गोष्ट अर्ध्यावर थांबली. पुढचा रविवार तिनं पाहिला नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर मी सरांना म्हणालो, ती उरलेली गोष्ट मला मराठीत सांगा.

"सांगतो ना, सर. पन थे तुमच्या मायची गोष्ट हाय. तुमाले तेलुगूतच आयका लागंल."

सर सेवानिवृत्त होऊन आमच्याच गावी राहायला परतल्यापासून मी दर रविवारी चार वाजता त्यांच्याकडे तेलुगू शिकायला जातो. त्यांची नात माझ्या उच्चारांना खदखदून हसते. ज्या हसण्याला भिऊन मी आईची भाषा टाकली, ते आता रोखीनं भोगतो आहे. त्या नातीशी सर तेलुगूत बोलतात तेव्हा माझ्या पोटात अजून दुखतं. मी मंद विद्यार्थी आहे. एका रविवारी जेमतेम दोन वाक्यं कळतात. आईच्या गोष्टीतली मुलगी अजून नदीच्या काठावर नावेची वाट पाहते आहे. या गतीनं शेवट गाठायला चाळीस वर्षं तरी लागतील. सरांना तेवढं निरोगी आयुष्य मिळावं, ही माझी इच्छा निव्वळ स्वार्थाची आहे. ते दोन वाक्यं सांगून थांबतात, माझ्याकडे पाहतात, आणि मी विचारतो, "तरवात?"