फुकटचे मार्क

आपल्या भाच्याला मार्क जास्त पडले म्हणून शाळेत जाऊन भांडणारी बाई अख्ख्या मुंबईत एकच होती, आणि ती नेमकी माझी आत्या होती. इतरांच्या आया एकेका मार्कासाठी बाईंच्या विनवण्या करत. आत्याला मार्क दिसले की आधी संशय यायचा. माझं प्रगतिपुस्तक ती हातभर लांब धरून वाचायची, शिळा बांगडा कुणी गळ्यात मारल्यासारखं तोंड करून. "इतिहासात बासष्ट? याला? काल विचारलं अफझलखान कोण, तर म्हणाला विजापूरचा राजा!"

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून मुलुंडला आमच्या चाळीतल्या दोन खोल्यांत राहायला आली आणि आल्या दिवसापासून तिने आमच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेवर नजर ठेवली. साठीचं दशक संपत आलं होतं. शाळा सातवीपर्यंत होती, आणि तिच्यात शिकणं सोडून बाकी सगळं वेळच्या वेळी व्हायचं असं आत्याचं मत होतं. खरं सांगायचं तर ते फारसं चुकीचं नव्हतं. तपासणीला साहेब येणार असले की हुशार मुलं पुढच्या बाकांवर सरकायची आणि ढ मुलांना झाडांना पाणी घालायला बाहेर पाठवायचे. शाळेला झाड एकच होतं. तपासणी संपेपर्यंत त्याच्या बुंध्याशी तळं साचायचं.

पाचवीत मला 'आमची गाय' या निबंधाला दहापैकी आठ मिळाले. आत्याने तो चाळीच्या गॅलरीत उभं राहून मोठ्याने वाचला, "आमची गाय पांढरीशुभ्र आहे, ती सर्वांची लाडकी आहे," आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "कुठे बांधलीयस रे? मोरीत?" दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन वर्गात हजर.

"बाई, याच्याकडे गाय नाही."

"अहो आत्या, निबंधात तसं चालतं," बाई म्हणाल्या.

"खोटं बोलायला दहापैकी आठ? मग खरं बोलणाऱ्याला काय देता?"

बाईंनी आठाचे पाच केले. माझी आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "वन्सं, जगातली माणसं मार्क वाढवून आणतात हो." आत्याने वही माझ्या दप्तरात कोंबली. गॅदरिंगात पहिल्या नंबरच्या मुलाला बक्षीस देताना ही पहिल्या रांगेतून विचारणार, "पण याला येतं काय?" पाठांतर करणाऱ्यांना ती पोपटसुद्धा म्हणायची नाही. म्हणायची, "पोपट निदान मिरची खातो."

चाळीत आमच्या खालच्या मजल्यावर पुष्पा राहायची, माझ्याहून एका इयत्तेने मागे. तिचे वडील डब्यांच्या कारखान्यात पाळीला जात. पुष्पाला तीन धाकटी भावंडं, त्यामुळे शाळेत ती यायची ती निम्मी झोपलेली. तपासणीच्या दिवशी झाडाला पाणी घालणाऱ्यांत तिचा नंबर पक्का. मी सातवी पास झालो त्या वर्षी ती सहावीत गणितात नापास झाली. निकाल कळल्यावर वडील म्हणाले, "बस झालं. पोरीची जात, घरात कामं पडलीत."

हेडमास्तर तसे भले गृहस्थ. त्यांनी पुष्पाला आणि तिच्या वडिलांना बोलावून सांगितलं, "मी तिला वर चढवतो. शाळेतून नाव काढू नका." वडिलांनी नाइलाजाने मान हलवायला घेतली होती. तेवढ्यात आत्या दारात उभी. तिला कुणी बोलावलं नव्हतं, तिला कधीच कुणी बोलावत नसे. मला तिने सोबत ओढून नेलं होतं आणि मी मनात म्हणत होतो, आता हिने आज तरी गप्प बसावं.

"मास्तर," आत्या म्हणाली, "फुकटचे मार्क द्यायचे नाहीत."

पुष्पाचा चेहरा पार उतरला. तिच्या वडिलांना मात्र बरंच वाटलं. "ऐकलंत ना? आत्याच सांगतायत. मग राहू दे घरी."

"घरी राहू दे असं कोण म्हणालं?" आत्या त्यांच्यावर उसळली. "जूनमध्ये तिची पुन्हा परीक्षा घ्या. पास झाली तर सातवीत. नाही झाली तर मला येऊन बोला."

"तोवर तिला शिकवणार कोण?" वडिलांनी विचारलं. "तुमचं तरी शिक्षण किती?"

आत्या चौथीपर्यंत शिकली होती. त्या परीक्षेत केंद्रात पहिली आली होती आणि त्याच महिन्यात आजोबांनी तिला घरी बसवली होती, हे माझ्या वडिलांनी मला एकदा सांगितलं होतं. ती स्वतः त्यावर कधी बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. "मला कुणी नापाससुद्धा केलं नाही," ती म्हणाली. "हिला निदान तेवढं तरी मिळालंय."

मग मे महिनाभर आमच्या घरी जे चाललं त्याला शिकवणी म्हणावं की काय, मला ठाऊक नाही. पावकी, निमकी, दिडकी हे पाव, अर्धा, दीडचे जुने पाढे आत्याला झोपेतून उठवलं तरी यायचे, पण दशांश अपूर्णांक तिने पाहिलेलेच नव्हते. म्हणून दुपारी जेवणं झाली की चटईवर मी मास्तर आणि समोर दोन विद्यार्थिनी, एक सहावी नापास आणि एक पन्नाशीची.

"हा ठिपका कशाला?" आत्या.

"दशांश चिन्ह आहे."

"एवढ्याशा ठिपक्याने दहापट फरक पडतो? आणि गुणताना तो इकडे का सरकवलास?"

"सरकवायचा असतो. सरांनी सांगितलंय."

"का?"

मला का ते माहीत नव्हतं. "आणि याला गणितात अडुसष्ट!" आत्या अशा तुच्छतेने म्हणाली की पुष्पाला हसू फुटलं. त्या उन्हाळ्यात तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. हसता हसता ती एकदम थांबली. "आत्या, तुमची पावकी म्हणजेच हे शून्य दशांश पंचवीस ना? मग पाव लिटर चारदा ओतलं तर एक लिटरच होणार. ठिपका सरकवला नाही तर शंभर लिटर होईल!"

आत्याने पाटीवर मांडून पाहिलं. पुन्हा मांडून पाहिलं. मग माझ्याकडे पाहत म्हणाली, "मास्तर, कळलं का?" मला खरंच तेव्हाच कळलं. त्यानंतर पुष्पा रोज आत्याला समजावायची, आत्या अडेलतट्टूसारखी "का?" विचारायची, आणि मी मध्ये मध्ये पाणी आणून द्यायचो.

जूनमध्ये परीक्षा झाली. पुष्पा हेडमास्तरांच्या खोलीत पेपर सोडवत होती आणि आत्या बाहेरच्या बाकावर ओठ आवळून बसली होती. गणिताच्या सरांनी तिथेच पेपर तपासला. एक्केचाळीस. पस्तिसाला पास. हेडमास्तर खूश होऊन म्हणाले, "छान! पंचेचाळीस करून टाकू का?"

"खबरदार!" आत्या ओरडली.

मग पुष्पाकडे वळली. "एक्केचाळीस! सांगायलासुद्धा लाज वाटते." आणि असं म्हणून तिने ते चाळीतल्या एकूण एक दारात उभं राहून सांगितलं. पुष्पाचे वडील नळावर बादली भरत होते, त्यांना तर दोनदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुष्पा सातवीत जाऊन बसली.

मी आठवीला हायस्कुलात गेलो. नवे मित्र, नवे विषय, इंग्रजी. आत्या माझी पुस्तकं हातात घ्यायची, उलटसुलट करायची आणि ठेवून द्यायची. माझ्या मार्कांवरून भांडायला ती हायस्कुलात एकदाही आली नाही. मला हायसं वाटलं, असं मी तेव्हा समजत होतो.

एका शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर पुष्पा आपणहून वर आली. हातात पाटी. "आत्या, आजचं गणित समजलं नाही."

"तुझ्या सरांना विचार."

"ते भराभर सांगतात. का ते सांगतच नाहीत."

आत्याला सातवीचं गणित येत नव्हतं. ती चटईवर थोडी सरकली आणि म्हणाली, "बस. बघू कसं होत नाही ते." मग दोन डोकी पाटीवर वाकली. गणित चुकत होतं, पुसलं जात होतं, पुन्हा मांडलं जात होतं. मी आतल्या खोलीत माझं पुस्तक उघडून बसलो होतो, आणि बराच वेळ वाट पाहिली. मला कुणी हाक मारली नाही.